लाकडी करकोच्यावरची काळी शाल

माझी लेक फोनवर मला म्हणाली, "आई, बाळ झाल्यावर पहिले सहा आठवडे आम्हाला कोणीच नको आहे. तूसुद्धा."

मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी तिथेच करपली. मी म्हटलं, "कोणीच नको म्हणजे? मी 'कोणी' आहे का?" तर ती म्हणते, "तसं नाही गं, इथे पद्धतच आहे तशी. आई, बाबा आणि बाळ. बाकी शांतता." शांतता! सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये खाली मुलांचा फुटबॉल आणि वर कोणाच्या तरी रिनोव्हेशनचं ड्रिलिंग, अशात वाढलेली पोरगी मला शांतता शिकवायला निघाली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवला आणि त्याच दिवशी तिकीट काढलं.

नवरा म्हणाला, "अगं, ती नको म्हणते आहे ना?" माझा नवरा सेम्बावांगच्या शिपयार्डात इंजिनिअर. शांत माणूस. माझ्याशी लग्न केल्यावर कोणीही शांत होईल, असं तो आल्यागेल्याला सांगतो आणि स्वतःच हसतो. मी त्याला म्हटलं, "तुम्ही गप्प बसा. तुमचं बाळंतपण नाहीये."

शेजारच्या चिनी आंटीने मात्र माझी बाजू घेतली. तिच्या सुनेच्या बाळंतपणात तिने महिनाभर आलं तिळाच्या तेलात परतून आमचा अख्खा कॉरिडॉर वासाने भरून टाकला होता. ती म्हणाली, "मदर मस्ट गो लाह. डॉटर से डोन्ट कम, मदर ऑल्सो मस्ट गो." बघा! देव वेगळे, भाषा वेगळी, पण बाईला बरोबर कळलं. मी ऑफिसातून लांब रजा घेतली, डिंकाचे लाडू वळले, हळीव, बाळंतशेपा, ओवा, वेखंड, उटण्याचं पीठ असं सगळं बांधलं आणि जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवली. बॅग इतकी गच्च झाली की नवऱ्याला तिच्यावर बसावं लागलं.

जावई जर्मन आहे. सिंगापुरात नोकरीला होता, तिथेच दोघांचं जुळलं. लग्नाच्या वेळी मी काहीच बोलले नाही. म्हणजे बोलले, पण लग्न झालं. मग दोघं त्याच्या गावी राहायला गेली. बर्लिन नाही, म्युनिक नाही. नकाशात बोट ठेवून शोधावं लागेल असलं गाव. मैत्रिणींना सांगायचीसुद्धा सोय नाही, कारण नाव सांगितलं की त्या "ते कुठे आलं?" विचारतात आणि मलाही सांगता येत नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी मुलगी झाल्याचा फोन आला, नाव मात्र सांगितलं नाही. मोठी ट्रेन, मग छोटी ट्रेन, मग जावयाची गाडी. मे महिना होता, तरी मी थंडीने काकडत होते. दोन्ही बाजूंना मोहरीसारख्या कसल्याशा पिकाची पिवळीधमक शेतं, मध्ये एक चर्च, एक बेकरी, एक औषधांचं दुकान आणि झाडून ठेवलेला रस्ता. दुपारी सगळं बंद. रविवारी तर माणसंही बंद. गाईसुद्धा तिथे हंबरत नाहीत, नुसत्या बघत उभ्या राहतात. मी जावयाला इंग्रजीत विचारलं, "इथे कोणी मेलंय का?" तो हसला आणि म्हणाला, "नाही, हे नेहमीचंच आहे."

गाडी घरासमोर थांबली नाही. गल्लीच्या टोकाला एका घराच्या वरच्या मजल्यावर त्याने माझ्यासाठी भाड्याची खोली घेऊन ठेवली होती. खिडकीत फुलं, टेबलावर चॉकलेट, गादीवर घडी घातलेले टॉवेल. जावई फार सभ्य. इतका सभ्य की भांडताही येत नाही. म्हणाला, "तुम्हालाही विश्रांती मिळेल. दुपारी तीन वाजता कॉफीला या." माझ्या पोटच्या पोरीच्या बाळंतपणाला मी वेळ ठरवून कॉफीला जायचं होतं! मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. त्याला वाटलं मला खोली आवडली.

तीनला गेले, तर घरासमोरच्या हिरवळीत एक लाकडी करकोचा उभा. माणसाएवढा उंच. चोचीत कापडी गाठोडं, आणि पोटाशी मोठी पाटी. पाटीवर गुलाबी रंगात माझ्या नातीचं नाव, खाली जन्मतारीख, खाली वजन, खाली लांबी. जावयाच्या मित्रांनी आणून रोवला होता. बाळ झालं की इथे तशी रीत आहे म्हणे.

मी तिथेच उभी राहिले. नातीचं नाव मला रस्त्यावरच्या पाटीवरून कळलं. बारसं व्हायचं होतं. आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं, मग ते घरातल्यांना कळायचं, मग जगाला. ती आत्या, म्हणजे जावयाची बहीण, तिला फोन करून मी 'कुर्र' शिकवलं होतं. तीसुद्धा बिचारी आवडीने घोकत होती. आणि इथे पोस्टमन, कचरेवाला, जाणारा-येणारा कुत्रा, सगळ्यांना नाव आधीच ठाऊक! वर वजन. अहो, गुटगुटीत बाळाचं वजन कोणी चारचौघांत सांगतं का? आम्ही विचारलं तरी सांगत नाही. मी आत गेले आणि पहिलं वाक्य तेच बोलले.

लेक सोफ्यावर होती. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले. तिने बोट वर केलं आणि म्हणाली, "आई, व्हॉल्यूम."

हे बोट ती कधी शिकली कोण जाणे. तिकडे माझं वाक्य सुरू झालं की ती बोट वर करायची, आणि जावई उठून हळूच खिडकी लावून घ्यायचा. हळूच! त्याचा मला जास्त राग यायचा. शेजाऱ्यांना मराठी कळणार होतं थोडंच?

नातीला मात्र माझ्या मांडीवर दिली. घट्ट मिटलेल्या मुठी, कपाळावर आठी. आठी माझ्यावर गेली होती. मी ते बोलून दाखवलं, तेव्हा जावई हसला आणि लेक हसली नाही.

खरं भांडण आंघोळीवरून झालं. मी म्हटलं, उद्यापासून मी सकाळी येते, तेल लावून पायावर आंघोळ घालते, टाळू भरते, ओव्याची धुरी देते. लेक म्हणाली, सुईण नको म्हणाली आहे. हो, तिथे घरी सुईण येते. गाडीतून उतरते, पाठीला सॅक, हातात बाळाला झोळीत टांगून वजन करायचा काटा. तरणीताठी पोरगी. तिने सांगितलं होतं की आंघोळ आठवड्यातून एकदा पुरे. तेल नको, पीठ नको, टाळूवर तर काहीच नको, धुराचं नावही काढू नका.

"आठवड्यातून एकदा?" मी म्हटलं. "आठवड्यातून एकदा तर मी फ्रीज पुसते!"

"आई, व्हॉल्यूम."

"तुला मी रोज घातली आंघोळ. रोज! सिंगापूरच्या घामात तुझ्या अंगावर कधी एक पुरळ उठला नाही. आणि ती कोण कालची पोर मला सांगणार?"

"शी इज ट्रेन्ड, आई."

"आणि मी काय उपटसुंभ आहे?"

जावई खिडकी लावायला उठला. मीच उठून बाहेर पडले. लाडवांचा डबा तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर झाकणाची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. नातीला आंघोळ घालायला मिळावी, एवढंच मला त्या गावात हवं होतं. लाडू कचऱ्यात टाका, खोली कितीही लांब द्या, कॉफी प्यायला लावा. पण त्या पोरीला पायावर घेऊन दोन तांबे पाणी घालू द्या, की मी मुकाट्याने परत जाते. हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. तो शब्द तिला मीच शिकवला होता.

शनिवारी नात दिवसभर किंचाळत होती. दूध घेईना, झोपेना. दुपारी मला दारातच सांगितलं की आज नको, आज फार दमलोय. दारातच! मी परत फिरले आणि समोर तो करकोचा. गुलाबी अक्षरांत वजन. रस्त्याने जाणारी एक बाई थांबून वाचत होती, मान डोलावत होती. मला एकदम उलगडा झाला. दृष्ट लागली होती पोरीला. लागणारच! अख्ख्या गावाने वजन वाचलं होतं.

मी ठरवलं. घरात घेत नाहीत तर घराबाहेर तरी मला कोण अडवतंय? रविवारी सकाळी लवकर उठले. माझ्या थंडीच्या सामानात एक काळी लोकरी शाल होती, ती घेऊन गेले. घराच्या खिडक्यांची शटर खाली होती, बिचारी शेवटी झोपली असावीत. मी करकोच्याच्या मानेपासून पाटीच्या खालपर्यंत शाल नीट गुंडाळली आणि मागे गाठ मारली. नाव झाकलं, बारशापर्यंत कोणी वाचणार नाही. आणि काळं बांधलं, म्हणजे दृष्टही लागणार नाही. एका शालीत दोन कामं. बाळाला तीट लावू देत नव्हते, तर मी करकोच्याला लावली. त्या गावात आल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

खोलीच्या खिडकीतून ते घर दिसायचं. मी चहा घेऊन बसले. चर्चच्या घंटा वाजल्या आणि गाव कपडे करून बाहेर पडलं. लेकीच्या घरासमोर आले की लोक थांबायचे. आवाज बंद करायचे. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. एका बाईने छातीवर क्रॉस केला. दोघं नवरा-बायको बराच वेळ हात धरून उभे राहिले. मी मनात म्हटलं, चला, यांनाही पटलं शेवटी! पाटी झाकायलाच हवी होती, हे कोणीतरी करून दाखवायचा अवकाश होता. मी नवऱ्याला तसा मेसेजसुद्धा पाठवला.

तीन वाजता गेले. घराच्या पायऱ्यांवर लाल काचेतल्या मेणबत्त्या पेटत होत्या. चार-पाच. पांढऱ्या फुलांचे गुच्छ. मला वाटलं, रविवारची काही पद्धत असेल. या गावात रोज नवीन पद्धत. तेवढ्यात समोरच्या घरातली म्हातारी रस्ता ओलांडून आली. आजवर तिने मला कधी मान हलवण्यापलीकडे ओळख दाखवली नव्हती. तिने माझे दोन्ही हात धरले, मला छातीशी घेतलं आणि रडायला लागली.

माझे पण डोळे भरून आले हो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला जवळ घेतलं होतं. मी आजी झाल्याचा आनंद कोणाला तरी मनापासून झाला होता. मी पिशवीतून लाडवांचा दुसरा डबा काढला आणि तिच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. "घ्या, घ्या," म्हटलं, हसून. तिने लाडवाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तिने रडणं थांबवलं.

दार उघडलं, जावई बाहेर आला. झोपेतून उठलेला. त्याने मेणबत्त्या बघितल्या, फुलं बघितली. म्हातारी त्याला काहीतरी बोलली, हलक्या आवाजात, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो वळून जिन्याने वर धावला. पायांचा आवाज मला बाहेरपर्यंत आला. क्षणभराने खाली आला तो सरळ हिरवळीत गेला आणि शाल ओढून काढली. गाठ सुटेना, तर त्याने ती ओरबाडून काढली. इतका सभ्य माणूस!

मग मला इंग्रजीत सांगितलं. इथे काळं कापड घातलं की कोणीतरी गेलं असं समजतात. आणि लाल काचेतल्या त्या मेणबत्त्या थडग्यावर लावायच्या असतात. अख्ख्या गावाला वाटलं होतं की बाळ गेलं.

मी पायऱ्यांवरच बसणार होते. पण तोंडातून भलतंच निघालं. "मग पाटी लावायला सांगितली कोणी? बारशाच्या आधी? वजनासकट? आम्ही दृष्ट लागू नये म्हणून काळं लावतो, मेल्यांनो, जगावं म्हणून लावतो!" मराठीत, भर रस्त्यात, आहे नाही तेवढ्या आवाजात. आता गाव खरोखरच जमा झालं होतं. कुंपणापाशी माणसं उभी होती.

लेक दारात आली. छातीशी नात. माझ्या आवाजाने ती दचकून रडायला लागली होती. गर्दीतून कोणीतरी "आह" केलं, बाळ जिवंत बघून. लेकीने पायऱ्यांवरच्या मेणबत्त्यांकडे बघितलं. मला वाटलं आता ती किंचाळेल. किंचाळायला हवं होतं, मला चाललं असतं.

"तुला माहितेय मी इथे का राहते?" ती म्हणाली. अगदी हळू. "तुला वाटतं याचं गाव आहे म्हणून. हा सिंगापुरात राहायला तयार होता. मी म्हटलं, इथे जाऊ. कारण इथे कोणी ओरडत नाही. लहानपणी शाळेतून आले की मी आधी दाराला कान लावायचे, आई. तू चिडलीयेस का बघायला. मगच बेल वाजवायचे. मला माझ्या बाळाला ते द्यायचं नाहीये. इनफ लाह. उद्यापासून येऊ नकोस."

आणि दार लावलं. आपटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. तिने ते हळूच लावलं.

खोलीत येऊन मी नवऱ्याला फोन केला आणि तास-दीड तास बोलले. ही पोरगी, हे गाव, ती सुईण, तो करकोचा. मी ओरडले नसते तर ही शिकली असती का? अभ्यासाला बसली असती का? एकटीने नोकरी करून मी पोर वाढवली, नवरा दिवसभर शिपयार्डात, आवाज चढवल्याशिवाय घर चालतं का कोणाचं? तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "शिपयार्डात दिवसभर लोखंडावर घण पडतात. मला तिथे शांत वाटतं." मी म्हटलं, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "काही नाही. जेवलीस का?" मी फोन ठेवला. या दोघांनी मिळून माझ्याविरुद्ध कट केलाय असं मला वाटलं, आणि अजूनही अधूनमधून वाटतं.

पुढचे दिवस मी त्या गावात चालत होते. तिकीट बदलायचा विचार केला, पण नाही बदललं. का जाऊ? शेताच्या कडेने चालायचे आणि गाईंशी भांडायचे. म्हातारी दिसली की तिने मान खाली घालावी. बेकरीवाली पाव देताना माझ्याकडे बघायचीच नाही. राग इतका होता की भूक लागायची नाही, आणि बोलायला कोणी नव्हतं, तो गिळावा लागायचा. खिडकीतून त्या घराची शटर उघडताना दिसायची, बंद होताना दिसायची. एकदा रात्री जाग आली, तेव्हा मी रडत होते. ते मी नवऱ्याला सांगितलं नाही.

नातीच्या बाराव्या दिवशी, म्हणजे बारसं व्हायचं त्या दिवशी, सकाळी फोन वाजला. लेक. मागे नात भोकाड पसरून रडत होती.

"सुईण म्हणते, आंघोळीने झोपेल," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "माझ्या हातून निसटेल असं वाटतं मला. याच्या पण. तू घालशील?"

मी चपला शोधत होते.

"पण आई, एक शब्द नाही बोलायचा. एकही नाही. प्रॉमिस."

मी प्रॉमिस केलं. त्या आंघोळीसाठी मी काहीही कबूल केलं असतं.

न्हाणीघर छोटं होतं. मी साडी वर खोचली, भिंतीला पाठ लावून फरशीवर बसले, पाय लांब केले. लेक कपड्यांच्या टोपलीवर बसली. जावई दारात उभा, हात पुढे करून, बाळ पडलं तर झेलायला. मी तेल हातावर घेतलं आणि लेकीकडे बघितलं. तिने मान हलवली. मग नातीला पायावर पालथी घेतली. पाठ, खांदे, ढुंगण, टाचा. हात काहीच विसरले नव्हते. पण तोंड बंद ठेवून मी कधीच बाळाला आंघोळ घातली नव्हती. ओठ दाबून धरले होते. पहिला तांब्या घातला आणि पोरीने जो आकांत मांडला, की तिचं अंग लाल झालं, मग जांभळं. श्वास घेईना. दुसरा तांब्या. मुठी हवेत. जावई पुढे सरकला. लेक म्हणाली, "आई, थांबव, राहू दे, राहू दे." आणि ती उठली बाळ घ्यायला.

माझ्याने राहवेना. "अगं ए टवळे!" मी ओरडले. "किती रडशील? कोणी मारलंय का तुला? आं? आजी एवढी समुद्रापलीकडून आली, आणि तू तिला तोंड वेंगाडून दाखवतेस? भवाने! लाज नाही वाटत? मान वर कर बघू. आणि हे काय, काखेत कापूस साठवलाय तो? आईने बघितला नाही का तुझ्या? कसली बाई तुझी आई, आठवड्यातून एकदा धुते पोरीला!"

नात गप्प झाली. एकदम. पालथी होती, मी तिला उताणी केली, तर डोळे टक्क उघडे आणि माझ्या तोंडाकडे नजर. मी तिसरा तांब्या घातला. बोलत राहिले. काय बोलत होते मलाही माहीत नाही, नेहमीचंच सगळं, सगळ्या जगाला शिव्या. ती ऐकत होती. पाणी छातीवरून जात होतं आणि ती ऐकत होती.

लेक टोपलीवर परत बसली. म्हणाली, "पोटात होती तेव्हा तुझा फोन स्पीकरवर असायचा. तू सुरू झालीस की ही लाथा मारायची."

मी टाळूवर तेल ठेवलं. तिने अडवलं नाही.

"मलापण असंच बोलायचीस? आंघोळ घालताना?"

"असंच."

"आणि मी रडायचे?"

"नाही," मी म्हटलं. "तू हसायचीस. बोळकं पसरून हसायचीस."

ती टोपलीवरून उठून माझ्या शेजारी ओल्या फरशीवर बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मग कधीपासून ती दाराला कान लावायला लागली, ते मी विचारलं नाही. माझा धीर झाला नाही. जावई मात्र दारातून गेला आणि मला खिडक्या लावल्याचा आवाज आला. या वेळी मी त्याला माफ केलं.

आता सिंगापूरला परत येऊन बरेच दिवस झाले. माझा राग काही गेलेला नाही. त्या करकोच्यावर राग आहे, वजनाच्या पाटीवर आहे, त्या भाड्याच्या खोलीवर आहे. शांततेवर तर आहेच. लेक इतक्या लांब गेली याचा आहे, आणि का गेली हे मला रस्त्यात उभं करून सांगितलं याचा सगळ्यात जास्त आहे.

तिकडे सकाळ असते तेव्हा तांजोंग पगारला माझी ऑफिस सुटायची वेळ होत आलेली असते. फोन वाजतो. लेक आता स्वतः नातीला पायावर घेते, मीच शिकवून आले. पाण्याचा आवाज येतो, पोरीचं रडणं येतं, आणि लेक एवढंच म्हणते, "आई, ओरड."

मी टेबलावरून उठते आणि जिन्याचं जड दार ओढून आत जाते. तिथे कोणी नसतं. मग मी सुरू होते. अगं टवळे, कुठे जाऊन बसलीस त्या गायरानात? कोणी सांगितलं होतं इतक्या लांब जायला? इथे काय कमी होतं तुला? आजी म्हातारी होतेय, कळतं का काही? बेल वाजवायला भीती वाटत होती तर सांगायचं नाही का, भवाने, एकदा तरी सांगायचं नाही? एवढी कशी मोठी झालीस न सांगता?

नात गप्प होते. हे सगळं तिला काय कळतंय. पण मी नातीला म्हणून जे बोलते, ते तिची आई ऐकत असते. मधूनच पाण्याचा आवाज थांबतो. ती फोन ठेवत नाही.